रक्ताची पिशवी आणि आईचे दूध

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले मात्र जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. आईच्या उदरात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या पदरात काही ना काही बळ टाकतो, आणि आठव्या महिन्यातले मूल सातव्या महिन्यातल्यापेक्षा अधिक सुरक्षितच असते. तरीही ही समजूत टिकली. सातमासे मूल वाचले म्हणजे घराण्यात त्याची कथा होते, आणि आठव्या महिन्यातले वाचले तर त्याची कोणी वाच्यता करीत नाही, हे कदाचित तिच्या टिकण्याचे कारण असावे. पूर्वी अशा मुलाला कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला ठेवून, बोंडल्याने थेंब थेंब दूध पाजून जगविण्याची शिकस्त घरोघरच्या आज्या करीत. आज ती शिकस्त रुग्णालयातल्या काचेच्या पेटीत केली जाते. तेथे यंत्रे आहेत, नळ्या आहेत, रात्रंदिवस जागणाऱ्या परिचारिका आहेत. परंतु मुलाच्या पोटात दूध केव्हा घालावे आणि केव्हा घालू नये हा आजीचा प्रश्न यंत्रांनी सोडविलेला नाही. तो केवळ अधिक सूक्ष्म झाला आहे. त्याच्याच एका पैलूचा विचार येथे करावयाचा आहे. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाला रक्त दिले जात असताना त्याचे दूध चालू ठेवावे, की थांबवावे?

हा प्रश्न तज्ज्ञांचा आहे, वर्तमानपत्राच्या वाचकाने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. औषधाची मात्रा ठरविणे हे डॉक्टरांचेच काम होय, त्यात दुमत नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर मुलाची आई कोठे आहे, तिला रुग्णालयात पाठ टेकण्यास जागा मिळाली आहे की नाही, आणि तिच्या दुधाचे काय झाले यावर अवलंबून असते, तो प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहत नाही.

खुलताबादचेच उदाहरण घेऊ. बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते सुफी संतांच्या दर्ग्यांमुळे, औरंगजेबाच्या साध्या कबरीमुळे, भद्रा मारुतीच्या दर्शनाच्या रांगेमुळे, किंवा वेरूळला जाता जाता. तालुक्यातल्या शेतकऱ्याला आणि मजुराला मात्र ते ठाऊक असते ते तहसील, बाजार आणि ग्रामीण रुग्णालय यांचे गाव म्हणून. आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात प्रसूती होते, जन्मलेल्या बाळाला ऊब आणि प्राणवायू देण्याची प्राथमिक सोय असते. परंतु किलो-सव्वा किलो वजनाचे, अठ्ठावीस-तीस आठवड्यांचे अर्भक आठवडेच्या आठवडे सांभाळण्याची ती जागा नव्हे. मग रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि दौलताबादचा घाट उतरून, पंचवीस-एक किलोमीटरचा रस्ता तुडवून ते मूल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, पोहोचते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एकाच नावाने ओळखतो, हे अशा मुलांचे मोठे आश्रयस्थान आहे. पंचवीस किलोमीटर म्हणजे अंतर ते काय, असे वाटेल. पण नुकत्याच बाळंत झालेल्या, कदाचित पोटावर टाके असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ते अंतर एका जन्माचे असते. पुष्कळदा होते असे की, मूल बापाच्या किंवा मामाच्या सोबत शहरात जाते आणि आई मागे राहते. या मागे राहण्याचे महत्त्व पुढे कळेल.

आधी रक्ताविषयी. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला रक्त द्यावे लागते, हे ऐकल्यावर नातेवाइकांना पहिला संशय येतो तो रक्तस्रावाचा; आपल्या मुलाचे रक्त कोठे गेले, असे ते विचारतात. या प्रश्नाला चांगले उत्तर आहे, पण ते त्यांना क्वचितच मिळते. एक किलो वजनाच्या अर्भकाच्या अंगात सारे मिळून सुमारे नव्वद मिलिलिटर रक्त असते. टपरीवरच्या चहाच्या पेल्यात मावेल एवढे! त्यातून तपासणीसाठी एक मिलिलिटर काढले, तर ते प्रौढ माणसाच्या अंगातून पन्नासहून अधिक मिलिलिटर काढल्यासारखे होते. आणि आजारी अर्भकाची तपासणी एकदा करून भागत नाही. साखर, क्षार, जंतुसंसर्ग, कावीळ, रक्तातील प्राणवायू यांसाठी पुन्हा पुन्हा थेंब घ्यावे लागतात. जे रक्त गेले त्याची भरपाई करण्याची शक्ती या मुलांत कमी असते. आईकडून मुलाकडे लोहाचा मोठा साठा जातो तो गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत. मूल त्याआधीच बाहेर आले म्हणजे तो साठा त्याला मिळत नाही. त्याच्या तांबड्या पेशींचे आयुष्यही थोडे असते. नव्या पेशी घडविण्याची आज्ञा देणारे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. उलट त्याचे शरीर झपाट्याने वाढत असते, म्हणजे आहे तेवढे रक्त अधिकाधिक पातळ होत जाते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरू लागते आणि एका मर्यादेनंतर दुसऱ्याचे रक्त देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. साधारणतः किलोमागे पंधरा मिलिलिटरच्या आसपास तांबड्या पेशी तीन-चार तासांत, अगदी सावकाश, यंत्राच्या साहाय्याने सोडल्या जातात. एका रक्तदात्याची पिशवी साडेतीनशे मिलिलिटरची असते; त्यातला एवढासा भाग एका मुलाला पुरतो. चांगल्या रक्तपेढ्या अशा वेळी एकाच दात्याचे रक्त अनेक छोट्या पिशव्यांत विभागून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी त्याच मुलाला दुसऱ्या अनोळखी माणसाचे रक्त घ्यावे लागत नाही.

आता दुधाकडे वळू. बत्तीस-चौतीस आठवडे पुरे होईपर्यंत अर्भकाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ घालता येत नाही. म्हणून नाकातून किंवा तोंडातून जठरात घातलेल्या बारीक नळीने त्याला दर दोन-तीन तासांनी दूध दिले जाते. पुढे वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले येते, आणि त्यानंतर आईचे स्तन. हा क्रम चालू असताना सर्वांना ज्याचे भय वाटते असा एक आजार आहे. त्याचे इंग्रजी नाव नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस. आतड्याच्या भिंतीला सूज येते, तिचा काही भाग निर्जीव होतो, कधी आतडे फुटते. काल दूध पचवीत असलेले मूल आज पोट फुगून निपचित पडते, आणि कित्येकदा शस्त्रक्रियेनेही वाचत नाही. ज्या डॉक्टरने हा आजार एकदा जवळून पाहिला तो पुढे दुधाच्या प्रत्येक थेंबाकडे संशयाने पाहू लागला, तर त्यात नवल नाही.

गेल्या शतकाच्या अखेरच्या काळापासून निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांच्या ध्यानात असे येऊ लागले की, ज्या मुलांना हा आजार झाला त्यांपैकी काहींना त्याच्या आधीच्या दोनेक दिवसांत रक्त दिले गेले होते. यावरून एक उपपत्ती मांडली गेली. रक्त कमी असलेल्या मुलाच्या आतड्याला प्राणवायू आधीच अपुरा मिळत असतो. दूध पोटात गेले की पचनासाठी आतड्याला अधिक रक्त लागते. नेमके त्याच वेळी बाहेरचे साठविलेले रक्त शरीरात शिरते आणि आतड्यातील रक्तप्रवाहात उलथापालथ होते. या साऱ्याचा ताण कोवळ्या आतड्याला सोसत नाही. मग उपाय काय? रक्त देताना आतड्याला विश्रांती द्यावी. त्यातूनच पुष्कळ ठिकाणी रक्त देण्यापूर्वी काही तास, रक्त चालू असेपर्यंत आणि त्यानंतर काही तास दूध बंद ठेवण्याची प्रथा पडली. ‘लंघन हे परम औषध’ असे मानणाऱ्या आपल्या समाजात तर अशी आज्ञा कोणालाच खटकत नाही.

ही उपपत्ती सुबक आहे. पण सुबक असणे आणि खरे असणे यांत अंतर असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, म्हणजे फांदी कावळ्यानेच मोडली असे होत नाही. रक्त कोणत्या मुलांना द्यावे लागते? जी अधिक लहान, अधिक आजारी आणि अधिक रक्तहीन असतात त्यांनाच. आतड्याचा हा आजार कोणाला होतो? त्यांनाच. तेव्हा दोष रक्त देण्याचा की रक्त देण्याची वेळ आणणाऱ्या रक्तक्षयाचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील अटलांटा येथे अगदी कमी वजनाच्या ५९८ अर्भकांचे निरीक्षण करून २०१६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीने विचार करावयास लावणारा आहे. रक्त दिल्याचा आणि या आजाराचा संबंध तेथे आढळला नाही. हिमोग्लोबिन आठ किंवा त्याखाली जाण्याचा, म्हणजे तीव्र रक्तक्षयाचा, संबंध मात्र आढळला. अर्थात एवढ्यावर प्रकरण मिटले असे कोणी समजू नये. रक्त केव्हा द्यावे, हिमोग्लोबिन थोडे उतरताच की बरेच उतरल्यावर, याविषयी अमेरिकेत १,८२४ आणि युरोपात १,०१३ अर्भकांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. दोन्ही पद्धतींत मृत्यूच्या किंवा पुढील बौद्धिक वाढीच्या बाबतीत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे रक्तक्षय हाच एकमेव गुन्हेगार, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आणि दूध थांबविण्याचे काय? ज्या गोष्टीसाठी जगभरच्या असंख्य अर्भकांना उपाशी ठेवले गेले, तिच्यामागचा पुरावा किती होता, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. कॉक्रेन या संस्थेने २०१९ मध्ये या विषयावरील संशोधनाची छाननी केली, तेव्हा निकषांत बसणारी अवघी एक चाचणी हाती लागली, आणि तीत अर्भके होती बावीस! पुढे ऑस्ट्रेलियात साठ अर्भकांचे तीन गट करण्यात आले: एकाचे दूध थांबविले, दुसऱ्याचे कमी केले, तिसऱ्याचे तसेच चालू ठेवले. आतड्याला मिळणाऱ्या प्राणवायूत या तीन गटांत फरक दिसला नाही. मात्र साठ ही संख्या थोडी आहे. हा आजार शंभरातील मोजक्याच मुलांना होत असल्याने त्याचा निवाडा करावयाचा तर हजारो मुलांचा अभ्यास करावा लागतो. म्हणून ब्रिटन आणि कॅनडा येथे तशी मोठी चाचणी आखावी लागली. तीत एका गटाचे दूध रक्ताच्या चार तास आधीपासून चार तास नंतरपर्यंत बंद आणि दुसऱ्याचे चालू, अशी मांडणी होती. ज्या देशांत दोन्ही प्रथा रुग्णालयागणिक वेगवेगळ्या चालत होत्या, तेथेच ही चाचणी शक्य झाली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे तज्ज्ञांचे एकमत होते म्हणून दूध थांबत नव्हते. ते वरिष्ठांच्या सवयीने थांबत होते, आणि चालू राहत होते तेही सवयीनेच.

येथे कोणी विचारील, शंका आहे तर दूध बारा तास थांबविण्यात बिघडले काय? पुरावा येईपर्यंत सावध राहणे शहाणपणाचे नाही का? माझ्या मते या युक्तिवादात एक मोठी चूक दडलेली आहे. उपास ही जणू काहीच न करण्याची स्थिती आहे, तिची काही किंमत पडत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. हिशेब करून पाहा. एक किलोच्या मुलाला पूर्ण आहार म्हणून दिवसाला सुमारे दीडशे मिलिलिटर दूध लागते. आधीचे चार तास, रक्ताचे चार, नंतरचे चार, असे बारा तास गेले म्हणजे पंचाहत्तर मिलिलिटर, अर्ध्या दिवसाचा घास गेला. अशा मुलाला एका मुक्कामात दोन-तीनदा रक्त लागू शकते. संपन्न देशांत अशा वेळी शिरेतून प्रथिने, स्निग्धांश, जीवनसत्त्वे यांचे सुसज्ज मिश्रण देतात. मुलाचे तोंड बंद असले तरी पोषण बंद नसते. आपल्या जिल्ह्याच्या पातळीवर शिरेतून बहुधा काय जाते? साखरेचे पाणी. शिवाय त्यासाठी शीर पुन्हा टोचावी लागते, आणि टोचलेली प्रत्येक शीर हे जंतूंना उघडलेले दार असते. आपल्या नवजात कक्षांत मुलांचा बळी घेणाऱ्या कारणांत जंतुसंसर्गाचा क्रमांक फार वरचा आहे. ज्या आतड्याला विश्रांती म्हणून रिकामे ठेवले, त्याचे अस्तरही दुधावाचून दुबळे होते, ही गोष्ट वेगळीच.

दूध हे आतड्याचे शत्रू आहे, ही भीती पूर्वीही एकदा तपासली गेली आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील २,८०४ अर्भकांच्या चाचणीत दूध सावकाश वाढविणे आणि भरभर वाढविणे यांची तुलना झाली. २०१९ साली निष्कर्ष आला की, भरभर वाढविल्याने आतड्याचा हा आजार वाढला नाही. आणि दूध कोणते, याला तर फारच महत्त्व आहे. १९९० साली ब्रिटनमधील ९२६ अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या अभ्यासात असे दिसले की, केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या मुलांत हा आजार केवळ मातेच्या दुधावरील मुलांपेक्षा सहा ते दहा पट अधिक होता. या एका आकड्यापुढे रक्ताच्या वेळी चार तास की आठ तास, हा वाद लहान वाटू लागतो. ज्या आजाराच्या भीतीने आपण दूध थांबवितो, त्याच्यापासून राखण करणारी आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट आईचे दूधच आहे.

आणि नेमके तेच दूध या उपासात आटते. आईचे दूध साठ्यातून येत नाही, मागणीतून येते. ते जितके काढले जाईल तितके पुन्हा तयार होते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या आईला तर मूल चोखत नसल्याने दिवसातून आठ-दहा वेळा हाताने दूध काढावे लागते. आता त्या खुलताबादच्या बाजूच्या आईला आठवू या. ती मागे गावी आहे, किंवा शहरात आलीच असेल तर रुग्णालयाच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली आहे. आतून निरोप येतो, ‘आज बाळाचे दूध बंद.’ का बंद, किती वेळ बंद, याचा खुलासा नाही. सासूच्या मनात येते, सुनेच्या दुधातच काही दोष असणार. बाळाला ते सोसले नाही म्हणून डॉक्टरांनी बंद केले. सून गप्प राहते. मागितलेच नाही तर काढावयाचे कशाला, म्हणून दिवसभर दूध काढले जात नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचे दूध सुरू करण्याची आज्ञा होते तेव्हा वाटीत चार थेंब पडतात. मग बापाला चिठ्ठी मिळते आणि तो डबा आणावयास जातो. रक्ताची पिशवी आणि डब्याचे दूध यांचा संबंध कोणत्याही आलेखात दिसणार नाही असा, पण इतका सरळ आहे.

हे टाळण्यास यंत्र लागत नाही. परिचारिकेने एक वाक्य अधिक बोलावे लागते: ‘बाळाला रक्त देतो आहोत; तुमच्या दुधात काही दोष नाही; तुम्ही ठरल्या वेळी काढत राहा, आम्ही ठेवून देतो.’ स्वच्छ भांड्यात झाकून शीतकपाटात ठेवलेले आईचे दूध चोवीस तास उत्तम राहते. पन्नास मुलांमागे दोन-तीन परिचारिका असतील तर हे वाक्य बोलण्यास त्यांना उसंत कोठून मिळणार, असे कोणी विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. कक्षातील परिचारिकांची संख्या हाही मग दुधाचाच प्रश्न ठरतो.

या बाबतीत महाराष्ट्राने एकेकाळी आशियाला वाट दाखविली आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. स्वतःच्या मुलाला पुरून उरलेले दूध एका आईने द्यावे, ते तपासून, तापवून, थंड ठेवून दुसऱ्या आईच्या मुलाला द्यावे, ही कल्पना त्या वेळी पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल. महापालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात, गरिबांच्या मुलांसाठी ती उभी राहिली, यातच तिचे मोठेपण आहे. जेथे अशी पेढी हाताशी आहे तेथे आईचे दूध अपुरे पडले तरी डब्याकडे धावावे लागत नाही, आणि रक्त दिल्यानंतर कोणते दूध सुरू करावे, हा प्रश्नही सोपा होतो.

पण पेढीहून महत्त्वाची आहे ती आईची खाट. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतील ३,२११ कमी वजनाच्या अर्भकांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडून तीत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. मूल स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच त्याला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवले, तर मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले. पण हे करावयाचे तर आईला अतिदक्षता कक्षात मुलाच्या शेजारी राहू द्यावे लागते, आणि त्या चाचणीसाठी रुग्णालयांना तशी सोय मुद्दाम करावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही पद्धत सर्वत्र अवलंबावी अशी शिफारस केली आहे. आई कक्षात असेल तर रक्त चालू असताना दूध थांबले की चालू राहिले, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ती पाहतच असते. थांबले तर का, हे ती विचारते. आणि तिचे दूध आटत नाही.

तेव्हा रक्ताच्या वेळी दूध द्यावे की नाही, या मूळ प्रश्नावर माझे मत असे आहे. जे मूल स्थिर आहे, आईच्या दुधावर आहे, ज्याचे पोट मऊ आहे, त्याचे दूध केवळ रक्त लावले एवढ्या कारणाने सरसकट थांबविण्यास सबळ पुरावा मिळालेला नाही. आणि जेथे शिरेतून पूर्ण पोषण देण्याची सोय नाही तेथे तर पुराव्याची जबाबदारी दूध थांबविणाऱ्यावर आहे, चालू ठेवणाऱ्यावर नाही. मूल अत्यवस्थ असेल, पोट फुगलेले असेल, रक्तक्षय तीव्र असेल, तर डॉक्टरने दूध थांबवावे. तो त्याचा अधिकारच आहे. त्याच्या सावधगिरीमागे भित्रेपणा आहे, असे मी म्हणणार नाही. आतडे फुटलेल्या मुलाच्या बापाला सामोरे जाणे काय असते, हे बाहेर बसून लिहिणाऱ्याने विसरू नये. परंतु प्रत्येक कक्षाने आपला नियम लिहून भिंतीवर लावावा. सकाळच्या पाळीचा डॉक्टर दूध चालू ठेवतो, रात्रीचा थांबवितो, आणि दोघांनाही कारण विचारले तर ‘आमच्याकडे असेच करतात’ हे उत्तर मिळते, ही स्थिती तरी संपावी. रक्त केव्हा लावले, दूध केव्हा थांबले, केव्हा व कोणते सुरू झाले, पुढच्या दोन दिवसांत काय घडले, एवढ्या चार गोष्टी नोंदवहीत नियमाने लिहिल्या गेल्या, तर आपल्या मुलांविषयीचे उत्तर आपल्याच वहीत सापडू लागेल. ब्रिटनमधल्या मुलाचे उत्तर मराठवाड्यातल्या मुलाला तंतोतंत लागू पडेलच असे नाही.

आणि रक्त द्यावे लागण्याची वेळच कमी वेळा यावी, यासाठी बरेचसे काम शहरात नव्हे, तर खुलताबादसारख्या ठिकाणी होण्याजोगे आहे. मूल जन्मल्यावर नाळ लगेच न चिमटता किमान एक मिनिट थांबले, तर वारेतील बरेच रक्त मुलाच्या अंगात उतरते, आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तो ठेवा पुढे उपयोगी पडतो. मूल रडत असेल, श्वास घेत असेल, तर याला काहीही खर्च नाही. लागतो तो केवळ घड्याळाकडे पाहण्याचा धीर. गर्भवतीच्या रक्तक्षयाकडे तर त्याच्याही आधी पाहावयास हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गर्भवती रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या पोटात जातात की फडताळात राहतात, हे कोणी पाहावे?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ सालापासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात मुलाला औषधे, तपासण्या, रक्त आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाण्याचे वाहन विनामूल्य केले आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे तालुक्यातल्या शिक्षकाने आणि कारकुनाने आपल्या शेजाऱ्याला सांगावयास हरकत नाही. त्या वाहनात मुलाबरोबर आईलाही बसविले पाहिजे. तिची प्रकृती प्रवासाला साथ देत नसेल, तर तिचे पहिले पिवळसर दूध वाटीत काढून, झाकून, मुलाच्या मागोमाग पाठविता येते. पंचवीस किलोमीटर अंतर दुधाला काही फार नाही.

मुलाचा मुक्काम दीड-दोन महिन्यांचा असतो. सुटी मिळते तेव्हा त्याचे वजन दीड-पावणेदोन किलो असते, आणि घाट चढून ते घरी येते. उसने मिळालेले रक्त त्याच्या अंगात फार दिवस टिकणारे नसते. लोहाचा साठा तर मुळातच नसतो. म्हणून लोहाचे थेंब महिनोन्‌महिने द्यावे लागतात, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चुकवून चालत नाही, आणि आशा कार्यकर्तीने वजनकाटा घेऊन ठरल्या दिवशी दारात यावे लागते. आईने अंगावरचे दूध टिकविलेले असेल, तर त्या दिवशी काटा थोडा खाली झुकलेला दिसतो.